जिभेला न लागणारी साखर

"मावशी, यात रेती आहे का गं?"

सात वर्षांच्या भाचीने केकवरचं बटरक्रीम बोटाने चाटलं, एवढंच विचारलं आणि ती खेळायला पळाली. केक तिच्याच वाढदिवसाचा होता. स्पंज हलका झाला होता, थर सरळ बसले होते, गुलाबी रंगही हवा तसा आला होता. मी चमचाभर क्रीम तोंडात घेतलं आणि तिचं म्हणणं पटलं. बटर विरघळून जात होतं आणि मागे जिभेवर बारीक बारीक कण उरत होते. दाताखाली कचकचत होते.

उरलेलं क्रीम मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बीटरखाली घातलं. पंधरा मिनिटं फेटलं. रंग आणखी फिकट झाला, फुगलंही, पण कचकच तशीच. तोवर माझी समजूत अशी होती की भरपूर फेटलं की साखर विरघळतेच. ती समजूत त्या दिवशी गेली, आणि पुढचं जवळजवळ वर्षभर मी आयसिंगच्या मागे लागले. खरं सांगायचं तर साखरेच्या मागे लागले. केकवर जे जे लावतात त्याची नावं पुष्कळ आहेत. साधारणपणे पातळ, चमकदार ते आयसिंग आणि जाड, फुगवलेलं ते फ्रॉस्टिंग असं म्हणतात, पण हा भेद सगळे सारखा पाळत नाहीत. माझ्यासाठी प्रत्येक वेळी एकच प्रश्न महत्त्वाचा ठरत गेला: यातली साखर नेमकी कोणत्या अवस्थेत आहे?

पहिला प्रयोग अगदी साधा होता. दोन वाट्या घेतल्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत वितळवून पाणी उडवलेलं बटर, म्हणजे निव्वळ स्निग्धांश. दोन्हींत एक-एक चमचा साखर. पाण्यातली साखर ढवळता ढवळता नाहीशी झाली. बटरमधली रात्रभर तळाशी बसून राहिली, सकाळी चमच्याने खरवडली तर दाणे जसेच्या तसे. स्निग्ध पदार्थात साखर विरघळतच नाही. बटरमध्ये जे थोडं पाणी असतं, साधारण १६ टक्के, तेवढ्याच पाण्याच्या भरवशावर ती विरघळते.

मग वहीत हिशेब मांडला. माझ्या क्रीममध्ये २५० ग्रॅम बटर होतं, म्हणजे ४० ग्रॅम पाणी. साध्या तापमानाला पाणी आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट साखर विरघळवतं, म्हणजे ८० ग्रॅम. मी घातली होती ५०० ग्रॅम. उरलेली ४२० ग्रॅम साखर विरघळायला जागाच नव्हती, तास दोन तास फेटलं असतं तरी. बटर आणि साखर नुसती फेटून केलेलं हे साधं बटरक्रीम, ज्याला अमेरिकन बटरक्रीम म्हणतात, खाताना आपण साखरेचे सुटे कण खातच असतो. ते जिभेला कळू नयेत इतके बारीक हवेत, एवढंच.

हे कळल्यावर दोष कुठे आहे ते लगेच दिसलं. साखर मी घरी मिक्सरमध्ये दळली होती. साध्या साखरेचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, कॅस्टर शुगरचा त्याच्या निम्मा. चॉकलेट बनवणारे कण २५-३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली आणतात, कारण त्याच्या वरचे कण जिभेला जाणवू लागतात. विकतची आयसिंग शुगर याहून थोडी जाड असते, पण तिचे कण एकसारखे असतात आणि बटरमधल्या पाण्यात त्यांच्या कडा झिजतात, त्यामुळे ती खपून जाते. मिक्सरमधली साखर मात्र एकसारखी होत नाही. तिच्यात अगदी पिठासारखा भागही असतो आणि पात्याच्या तडाख्यातून सुटलेले दाणेही असतात.

आता मी घरी दळते तेव्हा एक कप म्हणजे २०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दळण्याआधीच घालते. विकतच्या आयसिंग शुगरमध्येही ३ ते ५ टक्के स्टार्च असतोच. तो दमटपणा शोषतो आणि गाठी होऊ देत नाही. मिक्सर सलग फिरवत नाही. थोडा फिरवायचा, थांबायचं, कारण भांडं तापलं की पूड कडेला चिकटून घट्ट बसते. झाकण उघडायच्या आधी दोन मिनिटं थांबते, नाहीतर ओट्यावर पांढरा धूर होतो. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, बारीक जाळीच्या चाळणीतून दोनदा चाळते. पहिल्यांदा असं चाळलं तेव्हा एका कपामागे दोन चमचे दाणे चाळणीवर उरले. ते हातात घेऊन मी बराच वेळ पाहत राहिले. भाचीला लागलेली रेती ती हीच.

पुढचं बटरक्रीम जमलं. बटर मऊ हवं पण चकाकणारं नको. बोट दाबलं की खळगा पडावा आणि बोटाला तूप लागू नये. आधी नुसतं बटर पाच मिनिटं फेटायचं, ते जवळजवळ पांढरं होतं. मग साखर तीन वेळा विभागून, चिमूटभर मीठ, शेवटी दोन चमचे दूध. दूध घातल्याने क्रीम सैल तर होतंच, शिवाय आणखी पन्नासेक ग्रॅम साखर विरघळायला पाणी मिळतं. हे क्रीम लावून ठेवलं की तासाभरात वर पातळ पापुद्रा धरतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडून तिथली साखर पुन्हा स्फटिक होते. मला आधी तो दोष वाटायचा. पण त्या पापुद्र्यावर कागद ठेवून हलक्या हाताने फिरवला की पृष्ठभाग अगदी गुळगुळीत होतो, तेव्हा त्याचा उपयोगही कळला.

कचकच गेली, आता गोडपणा खटकायला लागला. साहजिकच आहे, ७५० ग्रॅम क्रीममध्ये ५०० ग्रॅम साखर. म्हणून साखर निम्मी करून पाहिली. चव सुधारली, पण क्रीम उभं राहीना. पायपिंग बॅगमधून फूल काढलं तर पाकळ्या एकमेकींवर कलंडल्या. या क्रीमला अंगच साखरेच्या पुडीचं असतं. वाळूच्या ढिगातून वाळू काढून घेतली तर ढीग कसा राहील? गोडी कमी करायची तर क्रीमला उभं ठेवायचं काम साखरेकडून काढून दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं होतं.

ते काम अंड्याच्या पांढऱ्याने केलं. साखर घालून फेटलेल्या त्याच्या फेसाला मेरिंग म्हणतात. स्विस मेरिंग बटरक्रीममध्ये १५० ग्रॅम पांढरं, ३०० ग्रॅम साखर आणि ४०० ग्रॅम बटर. साखरेचा वाटा दोन तृतीयांशावरून एकदम ३५ टक्क्यांवर येतो. आणि इथे आयसिंग शुगर लागतच नाही! साधी साखर चालते, कॅस्टर असली तर लवकर होतं. इतके दिवस चाळण्या धरून बसलेल्या मला हे फार नवल वाटलं होतं, पण कारण सरळ आहे. पांढऱ्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं आणि गरम पाण्यात साखर कितीतरी जास्त विरघळते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून त्यात पांढरं आणि साखर सतत ढवळत राहायचं, तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. मिश्रण ७१ अंश सेल्सिअसला गेलं की उतरवायचं. अंडं सुरक्षित होण्यासाठी ते तापमान लागतं, आणि तोवर साखर पूर्ण विरघळलेली असते. थर्मामीटर असला तरी मी बोटांनी पाहतेच. थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचा; काहीही टोचलं नाही पाहिजे. एकदा घाईत एक-दोन दाण्यांकडे दुर्लक्ष केलं, तर ते शेवटपर्यंत तसेच राहिले. पुढे बटर पडल्यावर त्यांना विरघळायची दुसरी संधी मिळत नाही.

मग हे मिश्रण फेटत राहायचं, भांडं बाहेरून अगदी गार लागेपर्यंत. माझ्या हँड बीटरला त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं लागतात. भांड्याला तेलाचा अंशही नको, म्हणून मी ते लिंबाच्या फोडीने पुसून घेते. पांढऱ्यात बलकाचा थेंब गेला तरी फेस नीट चढत नाही. गार झालं की बटरचे तुकडे एकेक करून घालायचे.

पहिल्या वेळी इथेच माझा धीर सुटला. निम्मं बटर घातलं आणि इतका वेळ जपलेला चकचकीत फेस फाटलेल्या दुधासारखा दिसायला लागला. कडेला पाणी सुटलं. मी ते सगळं फेकून दिलं. आज त्याचं वाईट वाटतं, कारण फेकायचं काहीच कारण नव्हतं. बटर जरा थंड होतं, एवढंच. तसंच फेटत राहिलं असतं तर चार-पाच मिनिटांत ते आपोआप जुळून आलं असतं. उलट क्रीम पातळ, सरबरीत झालं तर ते गरम आहे असं समजायचं. भांडं दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि परत फेटायचं. या दोन सूचना कुणी मला आधी सांगितल्या असत्या तर अर्धा किलो बटर वाचलं असतं, म्हणून त्या इथे मुद्दाम लिहिते आहे.

इटालियन मेरिंगमध्ये पांढऱ्याला आच द्यायची ती पाकाच्या हाताने. साखरेत थोडं पाणी घालून तिचा पाक ११८ अंशांवर न्यायचा, म्हणजे आपण ज्याला गोळीबंद म्हणतो तिथपर्यंत, आणि फेटत असलेल्या पांढऱ्यात तो बारीक धारेने सोडायचा. तापमानावरून पाक का कळतो हे मला या निमित्ताने नीट समजलं. पाण्यात साखर जितकी दाट, तितका त्याचा उत्कलनबिंदू वर. पाणी उडत जातं तसा आकडा चढत जातो. ११८ ला पाकात साखर ८५ टक्क्यांच्याही वर गेलेली असते. म्हणजे थर्मामीटर आपल्याला आचेबरोबरच पाकात पाणी किती उरलंय हेही सांगत असतो.

माझे पहिले दोन पाक बिघडले. एक कडेने दाणेदार झाला, कारण उकळी आल्यावरही मी चमचा फिरवत होते. कडेला उडालेला एक सुका स्फटिक परत पाकात पडला की त्याच्याभोवती सगळा पाक बसायला लागतो. आता साखर विरघळली की चमचा बाजूला, आणि ओल्या ब्रशने भांड्याच्या कडा पुसून घेणं. शिवाय चमचाभर ग्लुकोज सिरप किंवा चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे एक आंबट पूड. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये मध्ये आले की साखरेला रांग धरून स्फटिक होणं जमत नाही.

दुसरा पाक दिसायला उत्तम होता, पण फेसात पडताच त्याचे काचेसारखे कडक तुकडे झाले. मी ११८ लाच उतरवला होता, तरीही! दोन दिवस कोडं सुटेना. शेवटी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर त्याने ९६ दाखवलं. समुद्रसपाटीला पाणी १०० ला उकळतं आणि दर ३०० मीटर चढलं की साधारण एक अंश कमी होतो, पण माझं घर काही डोंगरावर नाही. थर्मामीटरच चार अंश मागे होता, म्हणजे माझा पाक १२२ ला पोचलेला. तेव्हापासून पाक करायच्या आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहणं मी कधी चुकवलेलं नाही. दुसरी एक गोष्ट अशी की पाकाची धार फिरत्या पात्यावर पडू द्यायची नाही, ती भांड्याच्या कडेने सोडायची. पात्यावर पडलेला पाक उडून भांड्याला चिकटतो आणि तिथेच कडक होतो.

इटालियन क्रीम सर्वांत टिकाऊ, हे मी स्वतः पाहिलं आहे. गरम दुपारी दोन तास टेबलावर राहिलेल्या केकची फुलं तशीच उभी होती. पण रोजच्यासाठी मी स्विसच करते. उकळता पाक आणि फिरतं बीटर एकट्याने सांभाळणं सोपं नाही. अंड्याच्या बलकावर असाच पाक ओतून केलेलं फ्रेंच बटरक्रीम मी एकदाच केलं. चवीला अतिशय श्रीमंत, रंग पिवळसर, आणि लवकर मऊ पडणारं. थरांमध्ये भरायला छान, वर सजवायला नाही.

अंडं न खाणाऱ्या मैत्रिणीसाठी केक करायचा होता तेव्हा मला अर्मीन फ्रॉस्टिंग सापडलं, आणि या सगळ्या खटाटोपात मला मिळालेली सर्वांत आवडती गोष्ट तीच. मैदा ४० ग्रॅम, दूध २४० मिली, साखर २०० ग्रॅम; हे तिन्ही मंद आचेवर ढवळत खळीसारखं दाट शिजवायचं. पृष्ठभागाला प्लास्टिकचा कागद चिकटवून पूर्ण गार करायचं, म्हणजे साय धरत नाही. मग २२५ ग्रॅम बटर भरपूर फेटून त्यात ही खळ चमच्या-चमच्याने घालायची. होतं ते जवळजवळ व्हिप क्रीमइतकं हलकं, आणि गोडी बेताची. इथे साखर दुधातल्या पाण्यात विरघळलेली असते आणि ते पाणी मैद्याच्या स्टार्चने धरून ठेवलेलं असतं. साध्या साखरेत होतं, अंडं नाही, थर्मामीटर नाही. फक्त खळ पुरेशी शिजवायला हवी. मैद्याचा कच्चा वास राहिला तर तो बटरमध्ये लपत नाही. आणि ती खरोखर गार हवी. कोमट खळीने माझं बटर एकदा वितळलं होतं.

साखर पाणी ओढून घेते याचा धडा मला क्रीम चीजने दिला. क्रीम चीज आणि आयसिंग शुगर आधी एकत्र फेटली, तर बघता बघता सगळं ओघळायला लागलं. मला वाटलं साखर कमी पडली, म्हणून आणखी घातली. ते आणखी पातळ झालं. चीजमध्ये पाणी भरपूर असतं, साखर ते खेचून घेते आणि त्यातच विरघळते. मग तिच्याजवळ क्रीमला उभं करायला कण उरत नाहीत. आता मी बटर आणि साखर आधी फेटते, साखरेभोवती बटरचं आवरण बसतं, आणि फ्रीजमधून काढलेलं थंड क्रीम चीज शेवटी घालून मिसळण्यापुरतंच फिरवते. कृती तीच, साहित्य तेच, फक्त क्रम बदलला.

व्हिप क्रीमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ३५ टक्के किंवा अधिक स्निग्धांशाचं क्रीम, सगळं थंडगार, आणि साखर घालायची ती आयसिंग शुगर, कारण तिच्यातला स्टार्च क्रीमला थोडा आधार देतो. गनाशमध्ये, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणात, वेगळी साखर घालतच नाहीत, चॉकलेटमधली असते तेवढीच. गडद चॉकलेट आणि क्रीम समभाग घेतलं तर ओतता येतं, चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग घेतलं तर केकला कडा धारदार करता येतात. व्हाइट चॉकलेट असेल तर तिनास एक. माझ्या हातून गनाश कधी बिघडलं नाही, म्हणून त्याच्याशी माझी ओळखही वरवरचीच राहिली आहे.

नाव लिहायला आणि बारीक जाळी काढायला रॉयल आयसिंग. एका अंड्याच्या पांढऱ्याला साधारण २०० ते २५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि थोडा लिंबाचा रस. इथे पांढरं शिजत नाही, म्हणून मी पाश्चराइज केलेलं पांढरं किंवा मेरिंग पावडर वापरते. पूड मात्र अत्यंत बारीक लागते. माझी दोनदा चाळलेली घरची साखरही इथे पुरी पडली नाही. नोझलचं भोक दीड मिलिमीटरचं. एक दाणा अडकला की रेघ तुटते, बॅग दाबली की दाणा सुटतो आणि त्यामागून ठिपका फसकन बाहेर येतो. अक्षर गेलं. या एका कामासाठी मी विकतचीच आयसिंग शुगर आणते, आणि तीही पातळ मलमलीतून गाळते. भांड्यावर ओलं फडकं हवंच, कारण उघडं राहिलं तर हे आयसिंग काही मिनिटांत वरून सुकतं. अख्ख्या केकला लावायचं असेल तर अर्धा किलो साखरेला एक छोटा चमचा ग्लिसरीन घालायचं, मग सुरी लावल्यावर ते दगडासारखं फुटत नाही. आणि व्हिप क्रीमवर रॉयल आयसिंगची फुलं आदल्या रात्री लावायची नाहीत. मी लावली होती. सकाळी पाकळ्यांच्या जागी रंगीत ओघळ होते.

रंगांचंही तसंच. पाणीदार रंग रॉयल आयसिंग सैल करतो, म्हणून जेल रंग. बटरक्रीममध्ये रंग घातला की तो लगेच पूर्ण खुलत नाही, दुसऱ्या दिवशी गडद होतो. लाल रंगासाठी मी आदल्या दिवशीच क्रीम रंगवते; नाहीतर ओतत राहतो आणि कडवट होतं.

ब्राऊन शुगरने बटरक्रीमची गोडी खोल होईल म्हणून तीही वापरून पाहिली. तिच्यात मळी असते, त्यामुळे ती ओलसर, दळली जात नाही, नुसती चिकटून गोळा होते. पण स्विस पद्धतीत पांढऱ्याबरोबर गरम केली तर ती सहज विरघळते आणि क्रीमला कॅरॅमलकडे झुकणारी चव येते. हे मी आता वरचेवर करते.

लाटून केकवर पसरायचा फॉन्डंट मी घरी दोनदा केला. जिलेटिन, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन आणि ढीगभर आयसिंग शुगर मळून होतो. दिसतो सुंदर, पण चवीसाठी मला तो कधी आवडला नाही, आणि लोक तो ताटलीच्या कडेला काढून ठेवतात हे मी पाहिलं आहे. त्याच नावाचा दुसरा फॉन्डंट, ओतायचा, मला मात्र सोडवत नाही. त्यात थोडं पाणी सोडलं तर बाकी सगळी साखरच असते, आणि तीही बहुतेक स्फटिकांच्या रूपात, तरी जिभेला ते लागत नाहीत. घरच्या मिक्सरला जे जमलं नाही ते इथे पाकातूनच घडवून आणायचं असतं.

साखर ५०० ग्रॅम, पाणी १५० मिली, ग्लुकोज सिरप ७५ ग्रॅम. पाक ११५ ला उतरवून पाणी शिंपडलेल्या स्टीलच्या परातीत ओतायचा. आणि मग हात लावायचा नाही. पहिल्यांदा मला हे साधलं नाही. पाक गरम असतानाच मी उलथनं फिरवायला लागले, आणि झाला तो ओल्या साखरेचा जाड रवाळ गोळा. गरम पाकात मोजकेच स्फटिक धरतात आणि ते निवांत मोठे होत जातात. पाक ५० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबलं, तर तो इतका संपृक्त आणि दाट झालेला असतो की ढवळताच एका वेळी असंख्य स्फटिक धरतात, आणि साखर त्यांच्यात वाटली गेल्यामुळे एकही मोठा होत नाही.

दुसऱ्या खेपेला मी अर्धा तास परातीकडे पाहत बसले. पाक काचेसारखा स्वच्छ होता, तळाला हात लावला तर सोसवेल एवढा गरम. मग उलथन्याने कडेकडून मध्याकडे ओढायला सुरुवात केली. पाच मिनिटं काहीच नाही. मग एक धूसर पट्टा दिसला, तो वाढत गेला, पाक दुधी झाला, जड झाला, मनगट भरून आलं. आणि दहाव्या मिनिटाच्या आसपास तो अचानक पांढराशुभ्र होऊन कोरडा पडला, खडूसारखा तुकड्या-तुकड्यांत सुटला. मागच्या वेळेसारखं बिघडलं असं मला वाटलं. पण हात ओले करून मळत गेले तसा तो एकजीव होत गेला, शेवटी लोण्यासारखा मऊ झाला. बरणीत घालून वर ओलं फडकं आणि घट्ट झाकण. एक रात्र तरी तो मुरायला हवा, म्हणजे आणखी नरम पडतो. केकवर ओतताना गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून ३७ ते ४० अंशांपर्यंतच गरम करायचा. त्याच्या वर गेला की बारीक स्फटिक विरघळतात, पुन्हा बसताना जाड होतात आणि चकाकी जाते.

परवा केलेली बरणी आज उघडली. भाची शाळेतून यायची होती. चमच्याच्या टोकाने वाटाण्याएवढा फॉन्डंट काढला, जिभेने टाळ्यावर दाबला आणि डोळे मिटून दाणा शोधला. मग दुसऱ्या चमच्यावर तेवढाच तिच्यासाठी काढून ठेवला.